जितके घेणारे, तितके देणारे : मोठ्या सॉफ्टवेअर फाइल्स आपसांत वाटण्याची पद्धत



दहावी-बारावीच्या निकालाचा दिवस आठवा. दुपारी ठरलेल्या वेळी निकाल ऑनलाइन दिसणार असतो. ती वेळ झाली रे झाली की लाखो मुलं, त्यांचे आई-बाबा, मामा, काका, शिक्षक असे सगळे एकदम तेच पान उघडायला धावतात आणि पान उघडता उघडत नाही. खरं तर निकालाचं पान ते केवढंसं! काही विषय, काही आकडे, संपलं. आता कल्पना करा, त्यातल्या प्रत्येकाला एवढंसं पान नाही, तर पाच-सहा जीबीची अख्खी फाइल हवी आहे. मग काय होईल?

ही कल्पना वाटते तितकी दूरची नाही. उबुंटू, डेबियन, फेडोरा अशा लिनक्सच्या ऑपरेटिंग सिस्टीम कोणालाही फुकट मिळतात. उबुंटूची सध्याची डेस्कटॉप आवृत्ती सुमारे ६ जीबीची आहे. नवी आवृत्ती आली की जगभरातून ती उतरवून घेणाऱ्यांची झुंबड उडते. बनवणारे मात्र बरेचदा स्वयंसेवक असतात. त्यांच्याकडे शेकडो सर्व्हर भाड्याने घ्यायला पैसे कुठून येणार?

या प्रश्नाचं एक सुंदर उत्तर पंचवीसेक वर्षांपूर्वी सापडलं. त्याला पीअर-टू-पीअर म्हणजे आपसांत वाटप म्हणतात. आज आपण तेच समजून घेणार आहोत. तुम्ही 'टॉरेंट' हा शब्द नक्की ऐकला असेल, आणि बहुतेक वाईट अर्थानेच ऐकला असेल. तो गैरसमजही जाता जाता दूर करू.

एकच दुकान आणि लांबच लांब रांग

आधी नेहमीची पद्धत पाहू. तुम्ही एखाद्या संकेतस्थळावर 'डाउनलोड' दाबता, तेव्हा कुठल्या तरी ठिकाणी चालू असलेला एक संगणक, म्हणजेच सर्व्हर, ती फाइल तुम्हाला पाठवतो. दुसऱ्याने दाबलं की तीच फाइल त्याला पहिल्यापासून पुन्हा पाठवतो. तिसऱ्याला पुन्हा. सगळी देवाणघेवाण एकाच दुकानातून होते, म्हणून या पद्धतीला मध्यवर्ती सर्व्हरची पद्धत म्हणतात.

दुकानाचा दरवाजा केवढा आहे, यावर सगळं अवलंबून असतं. सर्व्हरची पाठवण्याची क्षमता ठरलेली असते. ती १० जणांत वाटली तर प्रत्येकाला बऱ्यापैकी वाटा येतो. १० हजार जणांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला थेंब थेंब येतं. म्हणजे या पद्धतीत प्रत्येक नवा माणूस हा आधीच्या सगळ्यांवर पडलेला भार असतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

इंटरनेट हळू होतं त्या काळात यावर वेगवेगळे उपाय होते. आपल्याकडे 'पीसीक्वेस्ट'सारख्या मासिकांसोबत लिनक्सच्या सीडी यायच्या. उबुंटूची कंपनी २०११ पर्यंत भारतासह अनेक देशांत टपालाने फुकट सीडी पाठवत असे. शिवाय विद्यापीठं आणि संस्था आपल्या सर्व्हरवर त्याच फाइलची प्रत ठेवत. अशा प्रतीला 'मिरर' म्हणतात आणि ही सोय आजही आहे. म्हणजे एका दुकानाऐवजी दहा दुकानं झाली. रांगा कमी झाल्या, पण पद्धत तीच राहिली.

२००३ सालचं एक उदाहरण

ब्रॅम कोहेन नावाच्या अमेरिकन प्रोग्रॅमरने २००१ मध्ये 'बिटटॉरेंट' नावाची पद्धत तयार केली. तिची मोठी परीक्षा २००३ मध्ये झाली. त्या वर्षी रेड हॅट लिनक्सची ९ वी आवृत्ती आली. तीन सीडींचा मिळून आकार होता १.७७ जीबी. आज हा आकडा किरकोळ वाटेल, पण तेव्हा तो प्रचंड होता.

ही फाइल बिटटॉरेंटने वाटली जात असताना त्याची पाच महिन्यांची नोंद संशोधकांनी तपासली. त्या काळात सुमारे १ लाख ८० हजार संगणक या वाटपात सामील झाले होते. त्यातले ५० हजारांहून अधिक पहिल्या पाच दिवसांतच आले होते. म्हणजे निकालाच्या दिवसासारखीच झुंबड!

चला, थोडं गणित करू. समजा ५० हजार लोकांना प्रत्येकी १.७७ जीबी द्यायचे आहेत. एकूण झाले ८८,५०० जीबी. एका सर्व्हरला १०० एमबीपीएसची लाइन आहे असं धरू. ती सेकंदाला १२.५ एमबी पाठवू शकते. ८८,५०० जीबी पाठवायला तिला सुमारे ७० लाख ८० हजार सेकंद लागतील. दिवसांत सांगायचं तर जवळपास ८२ दिवस, तेही रात्रंदिवस एक क्षणही न थांबता. पाच दिवसांत तेवढंच काम करायचं तर १६ पेक्षा जास्त अशा लाइन लागतील, आणि सहाव्या दिवशी गर्दी ओसरली की त्यातल्या बहुतेक रिकाम्या पडून राहतील. लग्नाच्या एका दिवसासाठी वर्षभर मंगल कार्यालय भाड्याने घेतल्यासारखं!

सगळ्यांनी फाइल पूर्ण उतरवली असं धरून हा हिशेब केला आहे. प्रत्यक्षात अनेक जण मधेच सोडून जातात. तरी अंदाज यायला एवढं पुरे.

वहीच्या चाळीस पानांची युक्ती

आता बिटटॉरेंटने काय केलं, ते वर्गातल्या उदाहरणाने पाहू.

वर्गात ४० मुलं आहेत. सरांकडे ४० पानांची एकच वही आहे. प्रत्येकाला ती उतरवून हवी आहे. एक पान उतरवायला ५ मिनिटं लागतात. वही बाइंडिंगची आहे, म्हणून एका वेळी एकच मूल तिच्यातून लिहू शकतं.

पहिली पद्धत अशी. एका मुलाने पूर्ण वही उतरवायची, मग दुसऱ्याने घ्यायची. एका मुलाला २०० मिनिटं, ४० मुलांना ८,००० मिनिटं. म्हणजे १३३ तासांहून जास्त. शेवटच्या मुलाचा नंबर येईपर्यंत परीक्षा होऊन जाईल!

दुसरी पद्धत अशी. पहिल्या मुलाने फक्त पान १ उतरवायचं, दुसऱ्याने पान २, तिसऱ्याने पान ३. असं करत २०० मिनिटांत चाळीस मुलांकडे चाळीस वेगवेगळी पानं आली. वहीचं काम संपलं, सर घरी गेले तरी चालतील. आता मुलं गोल करून बसतात. प्रत्येक जण आपलं पान उजवीकडच्याला देतो आणि डावीकडून आलेलं पान उतरवतो. पाच मिनिटांनी पानं पुन्हा एक घर पुढे सरकतात. अशा ३९ फेऱ्या झाल्या, म्हणजे १९५ मिनिटांत, सगळ्यांकडे सगळी पानं. एकूण वेळ ३९५ मिनिटं. १३३ तासांचं काम साडेसहा तासांत झालं!

खरी गंमत पुढे आहे. मुलं ४० ऐवजी ८० असती तर? पहिल्या पद्धतीत वेळ सरळ दुप्पट, २६६ तासांच्या वर. दुसऱ्या पद्धतीत आधी ४० जणांनी एकेक पान घ्यायचं, मग उरलेल्या ४० जणांनी त्यांच्याकडून एकेक पान उतरवायचं, त्याला लागतील ५ मिनिटं. मग दोन गोल करून बसायचं. एकूण वेळ ४०० मिनिटं. मुलं दुप्पट झाली आणि वेळ वाढला फक्त ५ मिनिटांनी!

असं का झालं? कारण नवं आलेलं मूल नुसतं मागायला येत नाही, ते आपली पेन्सिल आणि आपला हातही घेऊन येतं. जो घेतो तोच पुढच्याला देतो. मघाशी लक्षात ठेवलेलं वाक्य इथे उलटं झालं. आपसांतल्या वाटपात प्रत्येक नवा माणूस स्वतःसोबत थोडी ताकदही घेऊन येतो.

खऱ्या बिटटॉरेंटमध्ये कोण कोण असतं?

आता या खेळातली खरी नावं पाहू.

तुकडे : वहीच्या पानांप्रमाणे मोठ्या फाइलचे सारख्या आकाराचे तुकडे केले जातात. १.७७ जीबीच्या फाइलचे २५६ केबीचे तुकडे केले तर ते सुमारे सात हजार होतात.

सीडर : ज्याच्याकडे पूर्ण फाइल आहे आणि जो ती इतरांना देतो, तो. इंग्रजीत सीड म्हणजे बी. शेतकरी जसा पुढच्या पेरणीसाठी बियाणं राखून ठेवतो, तसाच हा. वहीच्या गोष्टीतले सर म्हणजे पहिले सीडर.

पीअर : वाटपात सामील असलेला कोणताही संगणक. पीअर म्हणजे बरोबरीचा. इथे कोणी मालक नाही आणि कोणी गिऱ्हाईक नाही.

स्वार्म : एका फाइलसाठी जमलेला सगळा थवा.

ट्रॅकर : हा एक सर्व्हरच असतो, पण त्याच्याकडे फाइल नसते. त्याच्याकडे असते फक्त हजेरीपटासारखी यादी, म्हणजे या फाइलसाठी आत्ता कोण कोण हजर आहे. तो तुम्हाला पत्ते देतो, माल देत नाही. पुढे २००५ पासून हा हजेरीपटसुद्धा थव्यातल्या संगणकांतच वाटून ठेवण्याची सोय आली. तिला डीएचटी म्हणतात. त्यामुळे ट्रॅकर बंद पडला तरी काम अडत नाही.

टॉरेंट फाइल : काही केबींची छोटीशी फाइल. तिच्यात मूळ फाइलचं नाव, आकार, तुकड्यांचा आकार, ट्रॅकरचा पत्ता आणि एक फार महत्त्वाची यादी असते. ती यादी कसली, ते लगेच पाहू.

आणखी एक हुशारी सांगायला हवी. समजा पान १७ वर्गात एकाच मुलाकडे आहे आणि त्याची एसटी दहा मिनिटांत सुटणार आहे. सगळ्यांनी आधी काय करायला हवं? अर्थातच पान १७ उतरवायला हवं! बिटटॉरेंटही हेच करतं. थव्यात जो तुकडा सर्वांत कमी जणांकडे आहे, तो आधी मागायचा. त्यामुळे दुर्मीळ तुकडे लवकर पसरतात आणि एखादा माणूस मधेच निघून गेला तरी फाइल अपुरी राहत नाही.

अनोळखी माणसाकडून आलेल्या तुकड्यावर विश्वास कसा ठेवायचा?

आता तुमच्या मनात एक शंका आली असेल, आणि ती आलीच पाहिजे. ऑपरेटिंग सिस्टीमसारखी गोष्ट शेकडो अनोळखी लोकांकडून तुकड्या-तुकड्याने घ्यायची? त्यातल्या एखाद्याने मुद्दाम व्हायरस घातलेला तुकडा पाठवला तर?

उत्तर असं की इथे कोणावर विश्वास ठेवावाच लागत नाही. इथे पडताळणी होते.

आपल्या अंगठ्याचा ठसा जसा असतो, तसा कोणत्याही माहितीचा गणिती ठसा काढता येतो. त्याला हॅश म्हणतात. बिटटॉरेंटच्या मूळ पद्धतीत एसएचए-१ नावाचं सूत्र वापरतात. तुकडा कितीही मोठा असो, ठसा नेहमी २० बाइटचाच येतो. तुकड्यात एक अक्षर जरी बदललं तरी ठसा ओळखू न येण्याइतका बदलतो.

टॉरेंट फाइलमधली ती महत्त्वाची यादी म्हणजे प्रत्येक तुकड्याचा ठसा. सात हजार तुकडे गुणिले २० बाइट, म्हणजे फक्त १४० केबी. एवढी छोटी यादी तुम्ही मूळ संस्थेच्या संकेतस्थळावरून घ्यायची. मग १.७७ जीबीचा माल जगात कुठूनही येऊ दे! प्रत्येक तुकडा आला की तुमचा संगणक स्वतः त्याचा ठसा काढतो आणि यादीशी जुळवून पाहतो. जुळला तर ठेवतो. नाही जुळला तर टाकून देतो आणि दुसऱ्याकडे मागतो. सोनार कसोटीच्या दगडावर सोनं घासून बघतो, तेव्हा सोनं आणणारा कोण आहे याने काही फरक पडत नाही. तसंच हे.

इथे एक खरी घटना सांगण्यासारखी आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंट या लोकप्रिय लिनक्सच्या संकेतस्थळात हल्लेखोर घुसले. त्यांनी १७.३ सिनॅमन या आवृत्तीचा डाउनलोडचा दुवा बदलून दुसरीकडे वळवला. तिथे चोरवाट ठेवलेली बनावट फाइल होती. त्या दिवशी संकेतस्थळावरच्या त्या दुव्यावरून फाइल घेणारे लोक फसले. मात्र ज्यांनी टॉरेंटने फाइल घेतली होती त्यांना धोका नाही, असं लिनक्स मिंटने त्या वेळी जाहीर केलं.

पण थांबा! यावरून 'टॉरेंट म्हणजे नेहमी सुरक्षित' असा अर्थ काढू नका. ठशांची यादी खरी असेल, तरच पडताळणीला अर्थ आहे. हल्लेखोरांनी टॉरेंट फाइलच बदलली असती, तर तुमच्या संगणकाने बनावट फाइलही इमानेइतबारे तपासून 'बरोबर' म्हणून घेतली असती. म्हणून टॉरेंट फाइल मूळ संस्थेकडूनच घ्यायची, कुठल्या तरी भलत्या संकेतस्थळावरून नाही. शक्य असेल तेव्हा त्या संस्थेने दिलेली डिजिटल सहीसुद्धा तपासायची.

ठशाचं सूत्रही कायमचं भक्कम राहत नाही. एकच एसएचए-१ ठसा देणाऱ्या दोन वेगवेगळ्या फाइल्स मुद्दाम तयार करता येतात, हे २०१७ मध्ये गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या एका संशोधन संस्थेने दाखवून दिलं. म्हणूनच बिटटॉरेंटच्या दुसऱ्या आवृत्तीत एसएचए-२५६ हे अधिक मजबूत सूत्र घेतलं आहे.

सगळेच नुसतं घेत बसले तर?

वर्गात एखादा मुलगा असतोच. सगळ्यांच्या वह्या मागून घेतो, पण आपली वही कधी देत नाही. आपसांतल्या वाटपाला सर्वांत मोठा धोका अशाच लोकांचा असतो.

बिटटॉरेंटच्या आधी न्युटेला नावाची अशीच एक व्यवस्था होती. २००० साली एटन अडार आणि बर्नार्डो ह्युबरमन या संशोधकांनी तिचा अभ्यास केला. तिथले सुमारे ७० टक्के लोक स्वतः एकही फाइल देत नव्हते! थोडेसे लोक देत होते आणि बाकीचे नुसते घेत होते. म्हणजे नाव आपसांतल्या वाटपाचं आणि गर्दी पुन्हा मोजक्याच दुकानांसमोर.

कोहेन यांनी यावर काढलेला उपाय मराठीत दोनच शब्दांत सांगता येतो : जशास तसे. तुमचा संगणक थोड्या थोड्या वेळाने पाहतो की आपल्याला जास्तीत जास्त वेगाने कोण देतंय. अशा साधारण चार जणांना तो आपले तुकडे देतो. जो देत नाही, त्याला तूर्त थांबवून ठेवतो.

पण मग नवीन आलेल्याचं काय? त्याच्याकडे तर द्यायला काहीच नाही. त्याच्यासाठी एक जागा मोकळी ठेवलेली असते. साधारण दर ३० सेकंदांनी कोणा एकाला, त्याने काही दिलं नसलं तरी, संधी दिली जाते. पहिला तुकडा मिळाला की त्याच्याकडेही द्यायला काहीतरी येतं आणि तो खेळात सामील होतो. नियम कडक आहे, पण दार सगळ्यांना उघडं आहे. चांगल्या वर्गाचा नियमही असाच असायला हवा, नाही का?

ही पद्धत आणखी कुठे वापरतात?

तुम्हाला वाटेल, हे फक्त लिनक्सवाल्यांचं काम. तसं नाही.

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या प्रसिद्ध गेमची कंपनी आपले मोठे अपडेट बिटटॉरेंटच्या पद्धतीने खेळाडूंपर्यंत पोचवत असे. लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरच्या डाउनलोड पानावर टॉरेंटचा पर्याय असतो. इंटरनेट आर्काइव्ह या डिजिटल ग्रंथालयाने २०१२ पासून आपल्या संग्रहातल्या फाइल्सना टॉरेंट द्यायला सुरुवात केली.

ट्विटरचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. त्यांना नवं सॉफ्टवेअर स्वतःच्याच हजारो सर्व्हरवर टाकावं लागायचं. एका मध्यवर्ती जागेवरून सगळे सर्व्हर ते ओढून घ्यायचे, तेव्हा ४० मिनिटं लागायची. २०१० मध्ये त्यांनी बिटटॉरेंटवर आधारित साधन बनवलं आणि तेच काम सुमारे १२ सेकंदांत व्हायला लागलं. त्या साधनाचं नाव होतं 'मर्डर'. दचकू नका! कावळ्यांच्या थव्याला इंग्रजीत मर्डर म्हणतात.

आणि तुमच्या शाळेच्या संगणक कक्षात विंडोज १० किंवा ११ असेल, तर सेटिंग्जमध्ये 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' शोधा. विंडोजचे अपडेट एका संगणकाने घेतले की त्याच नेटवर्कवरच्या दुसऱ्या संगणकाला त्याच्याकडून मिळू शकतात. ३० संगणकांनी तोच अपडेट ३० वेळा बाहेरून आणायचा, की एकदा आणून आपसांत वाटायचा? ज्या शाळेची इंटरनेट लाइन बारीक आहे, तिथे हा फरक फार मोठा ठरतो.

मग टॉरेंट म्हणजे चोरी का?

आता त्या गैरसमजाकडे येऊ. टॉरेंट म्हटलं की लोकांना चोरीचे सिनेमे आणि क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर आठवतं. तसा वापर होतो, हे खरं आहे. पण सुरीने भाजी चिरतात म्हणून सुरी चांगली आणि कोणी इजा केली म्हणून सुरी वाईट, असं आपण म्हणत नाही. टॉरेंट ही फाइल पोचवण्याची पद्धत आहे. आत काय आहे आणि ते वाटण्याची परवानगी आहे का, यावर चूक-बरोबर ठरतं.

लिनक्स, लिब्रेऑफिस यांसारख्या सॉफ्टवेअरचा परवानाच सांगतो की प्रत काढा, मित्राला द्या, वाटा. तिथे टॉरेंट पूर्णपणे कायदेशीर आहे. याउलट, हक्क राखून ठेवलेला सिनेमा किंवा विकत घ्यायचं सॉफ्टवेअर परवानगीशिवाय वाटणं हे आपल्याकडे कॉपीराइट कायदा, १९५७ चं उल्लंघन आहे.

इथे एक बारकावा आहे, तो अनेकांना माहीत नसतो. टॉरेंटमध्ये तुम्ही फक्त घेत नसता, तर घेताघेता इतरांना देतही असता. म्हणजे चोरीचा माल टॉरेंटने घेणारा त्याच क्षणी तो वाटणाराही होतो. 'मी तर नुसतं डाउनलोड केलं' ही सबब इथे चालत नाही. शिवाय थव्यातल्या इतरांना तुमचा आयपी पत्ता दिसतो. आणि क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत पडताळणीही कामी येत नाही, कारण ठशांची यादीच अनोळखी माणसाने बनवलेली असते.

कुठे ही पद्धत कमी पडते?

कोणत्याही पद्धतीचं नुसतं कौतुक करून चालत नाही. मर्यादाही पाहू.

१. सीडर नसेल तर काहीच नाही. जुन्या, फारशा न लागणाऱ्या फाइलचा थवा पांगतो. शेवटचा सीडर गेला आणि एखादा तुकडा हरवला की फाइल ९९ टक्क्यांवर अडकून बसते. तिथे कायम चालू राहणारा सर्व्हरच हवा.

२. डेटा दोन्ही बाजूंनी खर्च होतो. मोबाइलच्या रोजच्या १.५ किंवा २ जीबीच्या प्लॅनवर तुम्ही इतरांना दिलेला डेटाही त्यातच मोजला जातो. म्हणून हे काम घरच्या किंवा शाळेच्या ब्रॉडबँडवर करावं.

३. लहान फाइलसाठी खटाटोप कशाला? दोन-चार एमबीच्या फाइलसाठी थवा जमवण्यापेक्षा सरळ डाउनलोड बरं.

४. काही नेटवर्क अडवतात. अनेक कॉलेजं आणि कार्यालयांत टॉरेंट बंद असतं. तिथला नियम पाळावा.

सर्व्हर पूर्णपणे जातो असंही नाही. संकेतस्थळ, टॉरेंट फाइल, डिजिटल सही आणि पहिला सीडर हे सगळं मूळ संस्थेलाच द्यावं लागतं. फक्त अवजड माल वाहून नेण्याचं ओझं तिच्या एकटीच्या डोक्यावर राहत नाही.

एक फायदा मात्र आपल्याकडच्या परिस्थितीत फार उपयोगी आहे. डाउनलोड चालू असताना वीज गेली, तरी तपासून ठेवलेले तुकडे तसेच राहतात. वीज आली की काम तिथूनच पुढे सुरू होतं. ६ जीबीची फाइल तीन रात्रींत तुकड्या-तुकड्याने घेतली तरी चालते.

घेतलं तेवढं तरी द्या

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. टॉरेंटच्या प्रोग्रॅममध्ये 'रेशो' नावाचा आकडा दिसतो. तुम्ही जेवढं दिलं, त्याला जेवढं घेतलं त्याने भागायचं. ६ जीबी घेतले आणि ३ जीबी दिले तर रेशो ०.५. ६ जीबी दिले तर रेशो १.

आता विचार करा. थव्यात कोणीतरी घेतलेला प्रत्येक तुकडा हा कोणीतरी दिलेलाच असतो. म्हणजे सगळ्यांनी मिळून घेतलेला आणि सगळ्यांनी मिळून दिलेला माल नेहमी सारखाच असणार. त्यामुळे तुम्ही ०.५ वर थांबलात, तर उरलेले ३ जीबी दुसऱ्या कोणाला तरी तुमच्या वाटचे द्यावे लागतात. जशास तसेचा नियम डाउनलोड चालू असेपर्यंत तुम्हाला द्यायला लावतो. फाइल पूर्ण झाली की मात्र तुमच्यावर कोणतीही सक्ती उरत नाही. खिडकी बंद करून निघून जायचं, की थोडा वेळ थांबून पुढच्याला द्यायचं, हे तुमच्यावर आहे. गणिताचा नियम जिथे संपतो, तिथे माणसाची सवय सुरू होते.

एखाद्या तालुक्याच्या शाळेत जुन्या संगणकावर लिनक्स टाकू पाहणाऱ्या मुलाला ते सहज मिळावं, असं वाटत असेल तर कोणीतरी सीडर म्हणून थांबायला हवं. ते कोणीतरी आपणही असू शकतो. रेशो १ होईपर्यंत खिडकी उघडी ठेवा, एवढंच मागणं.

थोडक्यात

- मध्यवर्ती सर्व्हरच्या पद्धतीत गर्दी वाढली की वेग कमी होतो. आपसांतल्या वाटपात गर्दीसोबत ताकदही वाढते.
- फाइलचे तुकडे होतात, दुर्मीळ तुकडा आधी घेतला जातो.
- तुकडा कोणाकडून आला हे महत्त्वाचं नाही, त्याचा ठसा जुळतो का हे महत्त्वाचं.
- ठशांची यादी मात्र मूळ संस्थेकडूनच घ्यायची.
- पद्धत कायदेशीरच आहे. आत काय आहे आणि ते वाटण्याची परवानगी आहे का, यावर चूक-बरोबर ठरतं.

स्वाध्याय

१. ४० पानांच्या वहीचं उदाहरण १६० मुलांसाठी सोडवा. दोन्ही पद्धतींनी किती वेळ लागेल? (सूचना : ४० चे ८०, ८० चे १६०. प्रत्येक दुप्पट होण्याला ५ मिनिटं.)

२. तुमच्या संगणक कक्षात २५ संगणक आहेत. प्रत्येकावर ६ जीबीची फाइल हवी आहे. प्रत्येकाने बाहेरून घेतली तर एकूण किती डेटा लागेल? एकदाच घेऊन आपसांत वाटली तर किती?

३. करून पाहा : शिक्षकांच्या मदतीने लिब्रेऑफिसच्या अधिकृत पानावरून टॉरेंट घ्या. डाउनलोड होताना किती सीडर आणि किती पीअर दिसतात, याची दर पाच मिनिटांनी नोंद करा. फाइल पूर्ण झाल्यावर रेशो १ व्हायला किती वेळ लागला, तेही लिहून ठेवा.

४. चर्चा करा : 'सक्ती नसतानाही द्यावं का?' तुमच्या वर्गातलं, घरातलं किंवा गावातलं असं एखादं उदाहरण सांगा, जिथे घेणाऱ्यांनीच देणारं व्हायचं ठरवलं आणि काम सोपं झालं.